शनवारचा घाणा

पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या. काल रोह्याच्या गाडीत दोन बायका गोणी मांडीशी धरून बसल्या होत्या आणि सगळा डबा त्या हिरव्या, जरा कडवट वासाने भरला होता. गोणीवर भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी. म्हणजे आता महिनाभर आमच्याकडे ज्याच्या त्याच्या शेतात पोपटी लागणार. मडक्यात शेंगा, तोंडाला पाला, मडकं उपडं, भोवती जाळ. माणसं एकमेकांना विचारणार, तुमची झाली का? मलापण विचारतात. मी सांगतो, मीच मडक्यात उपडा बसलोय, जाळ कोण लावतंय त्याची वाट बघतोय. हसतात. मी काय पण बोललो की लोक हसतात. बापाच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मी रडत हात जोडून म्हटलं, बाबा, माझं काय चुकलं असेल तर सांगा. मागे सगळी भावकी तोंडात रुमाल कोंबून उभी. देवाने तोंडच तसं दिलंय, त्याला मी तरी काय करू.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत मी तेलाचा घाणा केला. जुना, लाकडी, बैलाने ओढायचा. केला म्हणजे कॉम्प्युटरवर केला, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे सांगितलं की वखारीतली माणसं माझ्याकडे अशी बघतात, जसा काय मी चित्रातला भात जेवून आलोय.

मी मूळचा सुतार. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा दुसऱ्या खेपेला बाईच म्हणाल्या, काशा, आता पुरे. हाताला मात्र जरा अक्कल होती. रोह्याला एका कारखान्यात खोकी करायच्या शेडमध्ये लागलो होतो. एका शिफ्टला मी सगळ्यांना एक गंमत सांगत होतो, त्यात एक माणूस चालू करवतीजवळ हात नेतो असं होतं. नुसतं सांगून भागलं असतं, पण मी करून दाखवलं. उजवा अंगठा गेला. त्या गंमतीचा शेवट काय होता ते मला अजून आठवत नाय.

मग भावाची मुलगी सोनल म्हणाली, नाना, घरात भिंतीशी बोलण्यापेक्षा दुकानात येऊन गिऱ्हाइकाशी बोला. तिचं पेणला फ्लेक्सचं दुकान हाय. बसता बसता माऊस हातात आला. हत्यारांची नावं सगळी इंग्रजी, पण शेजारी चित्रं असतात, आणि चित्रं मला वाचता येतात. बादली म्हणजे रंग ओतायचा. रबर म्हणजे पुसायचं. एक बोटाचं चित्र हाय, ते रंग फासतं. बोट बघून मी पहिले चार दिवस त्याच्या वाटेला गेलो नाय. हिवाळ्यात कबड्डीचे सामने, हळदी, वाढदिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. माझं काम म्हणजे फोटोतल्या पुढाऱ्यांना त्यांच्या मागच्या भिंतीतून सोडवायचं. एकाची मिशी भिंतीतच राहिली. ते दादा बॅनरवर वीस वर्षांनी लहान दिसले आणि खूश झाले, म्हणून मी वाचलो.

तर आबाकाका. आमच्याच गावचे, रोह्याकडचे. कागदावर अब्राहम, गावात आबा. त्यांच्या माणसांना जुने लोक शनवार तेली म्हणायचे. ज्यू माणसं, पण घरात मराठी, जेवणात आमच्यासारखाच नारळ. घाण्यावर तेल काढायचे आणि शनवारी घाणा बंद. एकेक घर करत सगळी इस्रायलला गेली. आबाकाकांचे भाऊ गेले, वाडवडिलांचं घर विकलं, हे आणि काकी लहान घर बांधून राहिले. मग काकी वारल्या. गेल्या हिवाळ्यात मुलगी शेरली तिकडून आली आणि म्हणाली, पप्पा, आता चला. आबाकाकांना एका डोळ्याने जवळजवळ दिसतच नव्हतं, दुसऱ्याने धुक्यातलं दिसावं तसं दिसायचं. ते व्हय म्हणाले. कागदपत्रांसाठी फोटो काढायला दुकानात आले, फोटो झाला तरी स्टुलावरून उठेनात.

म्हणाले, "काशा, आमच्या बापाचा घाणा तू पाहिलायस. त्याचा फोटो कुणी काढला नाय. तू करून दे. तिकडे नेतो."

माझा हात माऊसवरून उठला. घाणा मी पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, मी तो कापला होता.

तीसेक वर्षं झाली त्याला. घर विकायचं ठरलं तेव्हा आबाकाकांनी चार माणसं लावून घाणा माझ्या घरामागच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आणून ठेवला. जपून ठेव म्हणाले, जागा झाली की नेतो. त्यांच्याकडे जागा झाली नाय. दोन वर्षं मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. तिसऱ्या वर्षी लग्नसराईत पाटांची मागणी आली, माझ्याकडचं लाकूड संपलं, आणि कोपऱ्यात हे चिंचेचं लाकूड उभं. तेल पिऊन पिऊन काळं झालेलं, वाळवी ज्याच्याकडे बघून नमस्कार करून जाईल असं. आधी त्याची लाट चिरली, म्हणजे आतमध्ये फिरायचा तो उभा सोट. सोट गेल्यावर बुंधा राहून काय करणार, म्हणून बुंधा पण. अर्ध्यात करवत अडकली. आत खोल एक गाठ होती, मुठीएवढी, दगडासारखी. त्या गाठीने मला थांबवायचा प्रयत्न केला, एवढं तिच्या बाजूने सांगायला पाहिजे. पण तेव्हा मला अंगठा होता. नऊ पाट झाले. ढलप्या उरल्या त्यांच्यावर पाणी तापवलं. असा जाळ मी आयुष्यात परत पाहिला नाय. अंघोळ छान झाली.

आबाकाकांनी कधी विचारलं नाय आणि मी कधी सांगितलं नाय. रोज भेटायचे. पारावर, एसटीत, डॉक्टरच्या बाकड्यावर. मी त्यांना हसवायचो. ते हसायचे तोपर्यंत विचारणार नाहीत, म्हणून मी थांबायचोच नाय. गावाला वाटायचं काशाला काय सुचतं बघा. मला काय सुचत नव्हतं, मला भीती वाटत होती.

म्हणून त्या दिवशी मी ठरवलं. घाणा करायचा, आणि तो हातात देताना खरं सांगून टाकायचं. ते गाडीत बसायच्या आधी. एकदा गेले की मग मी कुणाला सांगणार?

लाकूड मागितल्यावर सोनलने इंटरनेटवरून पटकन एक चित्र काढून दिलं. म्हणाली, नाना, हे बघा, जुनं लाकूड, असंच सगळे वापरतात. मी बघितलं तर खोक्याचं लाकूड. परदेशी, फिकट, जिकडे तिकडे बारक्या गाठी. कारखान्यात वर्षानुवर्षं त्यालाच खिळे ठोकले होते. त्याचा घाणा केला असता तर पहिल्याच फेरीला बैलाने तो ओढून शेजारच्या वाडीत नेला असता. मग मी वडखळच्या रस्त्याला एका वखारीत गेलो, चिंचेचा जुना ओंडका शोधला आणि चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले. वखारवाला विचारतो, घ्यायचा हाय काय? म्हटलं, घेतला. खिशात मोबाईल ठेवला आणि चाललो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वखारीतून लाकूड नेताना खांदा दुखला नाय.

लाकूड करायचं म्हणजे रेघा करायच्या. बुंध्याला उभ्या, तोंडाला गोल. फोटोतल्या रेघा सपाट, त्या बुंध्याभोवती वाकवायच्या तर हळूहळू ओढत न्यायला लागतात. जोर केला की लाकडाची खीर होते. एक पिरगळायचं हत्यार हाय, ते एका जागी धरलं की रेघा फिरतात आणि गाठ तयार होते. तडे काळे करायला आणखी एक, त्याचं चित्र म्हणजे चिमूट धरलेला हात. सोनलला विचारलं हे काय? ती म्हणाली, बर्न, म्हणजे जाळणं. मी हळूच फिरवलं. हे लाकूड जाळायची माझी दुसरी वेळ होती, ते तिला काय माहीत.

सुताराची खोड कुठे जाते? मी घाणा आतून करायला घेतला. आधी आतली पोकळी, मग पोकळीत लाटेचं खालचं गोल टोक, मग तेल बाहेर यायचं भोक, मग ह्या सगळ्यावर बुंधा. सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर ठेवता येतात, वरचा ठेवला की खालचा झाकतो. सोनल बघत उभी राहिली. म्हणाली, "नाना, आतलं कुणाला दिसणार नाय."

"आतमध्ये काय नसेल तर लाट उभी कशी राहील?"

"चित्र हाय ते. पडत नाय."

हे मला पटायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत फाईल एवढी जड झाली की कॉम्प्युटर बसला तो बसलाच. सोबत एका कबड्डी मंडळाचा तयार बॅनर घेऊन बसला. मंडळाची माणसं संध्याकाळी दारात, खांदे दारापेक्षा रुंद. सोनल पुढचे दोन दिवस माझ्याशी नुसती बोट दाखवून बोलली.

आबाकाका दर दोन-तीन दिवसांनी कागदपत्रांच्या कामाला पेणला यायचे आणि दुकानात डोकवायचे. नाक स्क्रीनला लागेल इतके जवळ जायचे. पहिल्यांदा म्हणाले, बैल उलटा फिरतोय. मी एक बटन दाबून आख्खा बैल फिरवला, ते बघून त्यांना एवढं हसू आलं की खोकला लागला. बापाला अर्धा दिवस लागायचा म्हणे नवीन बैलाला वळण लावायला. दुसऱ्यांदा म्हणाले, लाकूड कोरडं दिसतंय, आमचा घाणा तेलकट होता, हात लावला की हात चकाकायचा. मी चकाकी दिली, जास्त झाली, घाणा स्टीलचा दिसायला लागला. पुन्हा मागे आलो. मागे यायचं एक बटन असतं, शेवटचं केलेलं पुसतं, परत दाबलं की त्याच्या आधीचं. एकदा मी दाबत दाबत एवढा मागे गेलो की स्क्रीनवर नुसता पांढरा कागद. तो बघत बसलो. घाणा नाय, तर ती जागा कशी दिसते, हे मला आधीपासून माहीत होतं.

एकदा आबाकाका आले, नाक स्क्रीनला लावलं. बुंध्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही गाठ इथे कशी?"

मी बघितलं. मुठीएवढी, काळी, बरोबर जिथे करवत अडकली होती तिथे. हाताने आपोआप काढली होती. बाहेरून ती कुणाला कधी दिसली नव्हती. जो घाण्याच्या आत शिरला त्यालाच ती दिसणार.

तेव्हा सांगायचं होतं. समोर ते होते, गाठ होती, सोनल मागे मशीनवर होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "असंच, आबाकाका. शोभेला."

"शोभेला गाठ? कसला सुतार रे तू."

मी गाठ पुसली.

त्यानंतर पण मी दोनदा प्रयत्न केला. स्टँडसमोरच्या चहाच्या गाडीवर म्हटलं, आबाकाका, तुमच्या घाण्याचं एक सांगायचं राहिलंय. ते म्हणाले, लाटेचं ना? जाड झालीय, मी तेच म्हणणार होतो. मी जाऊन लाट बारीक केली. दुसऱ्यांदा रोह्याच्या गाडीत, समोरासमोर बसून म्हटलं, तो घाणा माझ्याकडे होता ना. ते म्हणाले, व्हय रे, म्हणून तर तुला सांगितलं, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मी खिडकीबाहेर बघितलं. भाताची कापणी उरकलेली, शेतं मोकळी, मध्येच वालाचे हिरवे पट्टे. कबुली द्यायला गेलो की मला चित्रातली एक चूक तेवढी सापडायची.

जायला आठ दिवस राहिले असताना ते शेवटचे आले. घाणा आता घाणा दिसत होता, मला सुद्धा. बैल, बैलाचे बांधलेले डोळे, जू, वजनासाठी फळीवर बसलेली त्यांची आई, सगळं. बैलाच्या अंगावरचे केस मी एकेक काढले होते. त्यांनी बैलावर बोट ठेवलं.

"बैल काढ," म्हणाले.

मला वाटलं परत उलटा झाला.

"नाय, काढच. आणि आईला पण उतरव. शनवारचा घाणा कर, काशा."

मग सांगत बसले. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी बाप बैल सोडायचा. जू भिंतीला टेकवून ठेवायचा. आई घाणा पुसून घ्यायची आणि वरून धुतलेलं पांढरं फडकं घालायची. शनवारी त्याच्याकडे काय काम नसायचं, बापाकडेपण नसायचं, मग भाऊ भाऊ त्याच्यावर चढून बसायचे आणि बाप बघत बसायचा, ओरडायचा नाय. "फिरणारा घाणा मी रोज बघायचो, तो मला आठवतच नाय बघ. हा थांबलेला आठवतो."

बैल गेला, तीन दिवसांचे केस घेऊन. आई उतरली. फडक्याच्या घड्या काढायला मला चार दिवस लागले. कापड सुताराच्या हातात येत नाय, मी काढलं की त्याचा पत्रा होतो. शेवटी सोनलने दुकानात स्टुलावर तिची पांढरी ओढणी टाकली आणि मी ती बघून एकेक घडी काढली. ती म्हणाली, नाना, आता हे बघून मला गप्प बसावंसं वाटतं. पंधरा दिवसांत तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

आमच्याकडे छपाई म्हणजे फ्लेक्स. सहा फूट बाय चार. जायच्या दिवशी सकाळच्या गाडीने गुंडाळी घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारात गाडी उभी, डिकी उघडी, शेरली बॅगा मोजत होती, शेजारपाजार ओट्यावर जमलेला. आबाकाका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर. त्यांच्या मांडीवर मी घाणा उलगडला. दोन बाजूंनी दोन बायकांनी धरला. ते वाकले. मग डोळे मिटले आणि हात फिरवायला लागले. बुंध्यावरून, लाटेवरून, फडक्यावरून. तेवढाच गुळगुळीत बुंधा, तेवढीच गुळगुळीत लाट, तेवढंच गुळगुळीत फडकं. मी पंधरा दिवस रेघ न् रेघ काढलेली, आणि हाताला एक पण लागत नव्हती. मला वाटलं आता म्हणतील, हे काय आणलंस. त्यांचा हात मात्र फिरतच राहिला.

मग हळूच म्हणाले, "काशा, तुला एक सांगायचं होतं. तीस वर्षं राहिलंय."

मी म्हटलं, मला पण.

"आधी माझं ऐक. तू तेव्हा विचारायला आला होतास, लाकडाचं काय करू. मीच म्हटलं तोडून टाक. जागा नव्हती, काय करणार. भावांना पत्रात लिहिलं वाळवी लागली. बापाची वस्तू मी मोडली रे, आणि नाव घातलं वाळवीवर. तू कधी गावात बोलला नाहीस. तेवढं तुझं ऋण हाय."

मी विचारायला गेलो नव्हतो. त्यांनी काय सांगितलं नव्हतं. तीस वर्षं मी ह्या माणसाला घाबरून हसवत होतो, आणि तीस वर्षं तो माझ्यासमोर मान खाली घालून हसत होता. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ते बरं वाटलं. वाटलं, गेलो पण असेन विचारायला, कुणाला आठवतंय? मग त्यांचा तो हात बघितला, अजून फ्लेक्सवर काहीतरी शोधणारा.

म्हटलं, "आबाकाका, तुम्ही जपून ठेव म्हणाला होतात. मी विचारलं नाय. मीच कापला. पाट केले त्याचे, नऊ."

मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते हसले. "बघ गो शेरली," म्हणाले, "जाता जाता माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतोय. हा असाच, लहानपणापासून."

ओट्यावरची माणसं हसली. मी म्हटलं, खरं सांगतोय, उरलं त्याच्यावर पाणी तापवलं, अंघोळ केली. माणसं आणखी हसली. एक बाई म्हणाली, ह्याचं काय थांबत नाय गो. मी शपथ घेतली. शेरलीने डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, अंकल, थँक यू, पप्पांना हेच हवं होतं. आणि गाडीचं दार लागलं.

मागच्या आठवड्यात तिने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भिंतभर घाणा लावलेला. खोलीत आमच्याकडून गेलेलीच माणसं, मराठी बोलणारी, हातात बशा. आबाकाका सगळ्यांना सांगत होते, घाणा मीच तोडायला लावला होता आणि हा काशा म्हणतो मीच तोडला. कुणीतरी म्हणालं, अशी माणसं गावातच. मी दुकानातून ओरडून सांगितलं की हो, मीच तोडला, विश्वास ठेवा. आवाज तिकडे पोचला. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

आबाकाका मात्र फोनजवळ आले, एवढे जवळ की नुसतं कपाळ दिसत होतं. आवाज खाली केला.

"आता पुरे कर, काशा. शुक्रवारी प्रार्थनेला बसलो तेव्हा बापाला सगळं सांगितलं. दोष माझा होता म्हटलं. त्या सुताराचं काय नाय त्यात. तू मोकळा झालास."

फोन बंद झाला. मी सोनलला म्हटलं, तो घाणा परत उघड. तिने विचारलं, अजून काय करायचंय त्यात? मी ती मुठीएवढी गाठ परत काढली, जिथे होती तिथेच, आणि फाईल ठेवून दिली. तिकडच्या भिंतीवर ती कधी जायची नाय, हे मला ठाऊक हाय.